खांदशेकणी

"सावधान!" गोपालने फर्मावलं. बैलाने शेपटी हलवली आणि खूर गोपालच्याच पायावर ठेवला.

ओसरीवर बसलेली बयनाबाई, गोपालची आई, पदर तोंडाला लावून हसली. "अरे, तो बैल हाय, जवान नाई!"

उद्या पोळा. आज सांजेला बैलांचे खांदे शेकायचे होते. बावीस वर्षं हे काम गोपालची बायको सुवर्णा करत आली. हा फौजेत, मग करणार कोण? पेरणी, डवरणी, कापसाची वेचणी, सगळं तिनेच ओढलं. सहा महिन्यांपूर्वी हवालदार गोपाल कायमचा घरी आला आणि पाहुण्यासारखा राहू लागला. भूक असली तरी दुसरी भाकर मागायचा नाही. एकदा हौसेने बैलांमागे डवरा धरला, तर तणाबरोबर कपाशीची अख्खी ओळ उखडून ठेवली. शेवटी हैदराबादला एका कंपनीच्या गेटावर पहाऱ्याची नोकरी धरली. तिकीट उद्या सकाळच्या बसचं.

"पोळ्याच्या दिसी कोनी घर सोडते काय?" बयनाबाईने दुपारी विचारलं होतं.

"इथं माह्यं काय काम हाय?" तो म्हणाला होता. सुवर्णा काहीच बोलली नव्हती, आणि तेच त्याला लागलं होतं.

आता तिने त्याला बाजूला सारलं. बैलाच्या गळ्याखाली खाजवलं तसा तो मुकाट उभा राहिला. गरम पाण्यात बुडवलेल्या पळसाच्या पानांनी तिने त्याचा खांदा शेकला. जू घासून तिथलं कातडं राठ झालं होतं. मग वाटीतलं हळद-तूप चोळलं आणि कानाशी वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या बैलाचंही तसंच केलं. गोपाल बादली धरून उभा होता.

वाटीत थोडं तूप उरलं.

"बनियन काढा," सुवर्णा म्हणाली.

"काऊन?"

"काढा म्हनलं ना."

हवालदाराने हुकूम मानला. उजव्या खांद्यावर गोळीचा वण होता. आंघोळीलाही तो बनियन काढत नसे. कुणी पाहिलं की विचारायचं, आणि सांगितलं की तिथंच पडलेले सोबतचे दोघं आठवायचे. सुवर्णाने काही विचारलं नाही. पानं पुन्हा बुडवली, निथळली, वणावर ठेवली. मग हळद-तूप लावलं, घाई न करता. गोपालचे डोळे भरून आले. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"आज आवतन घ्या," ती म्हणाली. "उद्या जेवाले या. अन् पोळा झाला का डवऱ्याले या."

आवतनाला बैल काही उत्तर देत नाहीत. गोपालने मनगटाने नाक पुसलं.

"येतो," तो म्हणाला. "पन डवरा धराले तू शिकवजो."