वळणापासून पुलापर्यंत

"बाबा, पुन्हा खरवडताय? दुपारी ती माणसं येणार आहेत!"

लेकीच्या बोलण्याकडे त्यानं लक्ष दिलं नाही. पातळ पात्याच्या सुरीनं तो टेबलावरच्या देखाव्यातला वळणापासून पुलापर्यंतचा वीतभर रस्ता उकरत होता. महिनाभर खपून केलेला सुबक रस्ता. काळंभोर डांबर, दोन्ही कडांना लोटलेल्या बर्फाचे ढीग, मधून चाकांच्या ओल्या रेघा. मागच्या आठवड्यात संग्रहालयाच्या बाई बघायला आल्या, तेव्हा म्हणाल्या होत्या, "बघूनच अंगावर शाल घ्यावीशी वाटते हो!"

देखावे बरेच जण बनवत, पण बर्फ करावा तर त्यानंच, असं लोक म्हणायचे. खायचा सोडा तो कधी वापरत नसे. सोड्याचा बर्फ दोन वर्षांत पिवळा पडतो. तो संगमरवराची पूड घ्यायचा, तिच्यात काचेची बारीक भुकटी, पांढरा गोंद आणि सुईच्या टोकावर मावेल एवढा निळा रंग. नुसता पांढरा बर्फ खोटा दिसतो, हे ऐकून ऐकून लेकही आता त्याच्याच तालमीत तयार झाली होती. तुम्हाला एवढं कुठून कळतं, असं कुणी विचारलंच तर तो सांगायचा, "बर्फाच्या घाटात नोकरी केलीय अकरा वर्षं."

तिथंच थांबायचा.

त्या घाटात तो बर्फ हटवण्याचं मशीन चालवायचा. बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी तो वळणापर्यंत गेला. पुढं पूल दोनशे पावलांवर होता. पाय गारठले होते, चहाची तल्लफ आली होती. एवढ्यानं काय बिघडतंय, म्हणून त्यानं तिथंच मशीन वळवलं आणि चौकीतल्या वहीत लिहिलं, 'रस्ता पुलापर्यंत मोकळा.' अर्ध्या तासानं वळणावरून बस आली आणि पुलाआधीच दरीत गेली. पाच जण दगावले. मदतीला धावलेली माणसं आणि गाड्या यांनी तासाभरात बर्फाचा पार चिखल केला. कुठं किती होता, सांगायला कुणी उरलं नाही. वही तेवढी होती.

चौकशीत सगळं खापर ड्रायव्हरवर फुटलं. मोकळ्या रस्त्यावरून गाडी दरीत गेलीच कशी, असं जो तो विचारू लागला. ड्रायव्हरची नोकरी गेली, गावात तोंड दाखवायची चोरी झाली. आणि हा मूग गिळून बसला. आधी भीतीनं. मग लेक लहान आहे म्हणून. मग इतकी वर्षं गेल्यावर आता काय बोलायचं, म्हणून.

संग्रहालयानं त्या अपघाताचा देखावा मागितला तेव्हा त्यानं आधी साफ नाही म्हटलं. बाईंनी गळ घातली, मग मुकाट्यानं कामाला लागला. अहवालात लिहिलंय तसाच रस्ता त्यानं केला. आज सकाळी बाईंचा फोन आला, "ते ड्रायव्हर अजून आहेत बरं का. त्यांनाही घेऊन येते, एकदा नजरेखालून घालतील."

फोन ठेवला आणि त्यानं सुरी उचलली होती.

डांबर उघडं पडलं तसा त्यानं गोंद पसरला. चहाच्या गाळणीतून पूड चाळली. एक थर, दुसरा, तिसरा. पुलापर्यंतचा रस्ता नाहीसा झाला. मग वळणाशी, जिथं मोकळा रस्ता संपत होता तिथं, त्यानं काडीच्या टोकानं एक अर्धगोल ओढला. मशीन मागं फिरल्याची खूण.

"हे काय काढलंत?" लेकीनं विचारलं. त्यानं काडी पुसून ठेवली.

गोंद वाळायच्या आत बाई ड्रायव्हरला घेऊन आल्या. ड्रायव्हर म्हणजे सत्तरीचा, वाळलेला माणूस. दारातच चपला काढून, हात मागं बांधून उभा राहिला, जणू साहेबानं बोलावलंय. बाई टेबलाशी गेल्या आणि दचकल्या.

"अहो, हे चुकलंय! अहवाल दिला होता ना मी तुम्हाला? रस्ता पुलापर्यंत मोकळा होता."

त्यानं सुरी टेबलावर ठेवली.

"अहवाल चुकलाय, बाई. ते मशीन मी चालवत होतो. मी इथून मागं फिरलो आणि वहीत खोटं लिहिलं."

लेकीच्या हातातली गाळणी तशीच अधांतरी राहिली. ती बापाकडं असं बघत होती, जणू घरात कुणी परका माणूस शिरलाय. बाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यानं मान खाली घातली आणि वाट पाहिली. म्हाताऱ्यानं कानफटात मारावी, शिव्या घालाव्यात, थुंकावं. बावीस वर्षं तो त्याचीच वाट पाहत असल्यासारखा उभा होता.

म्हातारा हळूहळू पुढं आला. खिशातून चष्मा काढून त्यानं डोळ्यांवर चढवला आणि वाकून त्या वीतभर रस्त्याकडं पाहत राहिला. मग एक बोट बर्फावर टेकवलं.

"इथं होता बर्फ? नक्की?"

"होता. ढोपराएवढा."

म्हाताऱ्यानं ते बोट बर्फावरून पुलापर्यंत नेलं. मग त्यानं मान वर केली. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता.

"मला त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं. सगळे म्हणायचे रस्ता स्वच्छ होता. मग मीही तसंच धरून चाललो. त्या पाच जणांच्या घरी जाऊन पाया पडून आलो," तो म्हणाला. "म्हणजे... मला डुलकी लागली नव्हती?"