बाबांचा रेकॉर्डर
तळ्याकाठी मोटरहोम उभं करून बाबा सकाळीच हेडफोन लावून बसले होते. पक्ष्यांचे आवाज टिपण्यात त्यांची हयात गेली होती. “रेकॉर्डरनं दगा दिला गं,” ते मुलीला म्हणाले. “लव्हाळ्यातल्या पाखरांच्या चोची हलताना दिसताहेत, पण आवाजच येत नाही. सेलही बदलले. तू ऐक बरं.” तिनं हेडफोन लावले. किनरी किलबिल स्वच्छ ऐकू येत होती. हेडफोन काढले, तरी येतच होती. प्रवासभर बाबा सगळं दोनदा का विचारत होते, ते तिला उमगलं. “येतंय काही?” बाबांनी विचारलं. “नाही,” ती मोठ्यानं म्हणाली. “बघ, मी म्हटलं नव्हतं?” बाबांचा जीव भांड्यात पडला. स्क्रूड्रायव्हर घेऊन ते धडधाकट रेकॉर्डर खोलायला बसले. एकेक स्क्रू काढून तिच्या तळहातावर ठेवत गेले. ती हात पसरून उभी राहिली.