पहिली सुरी

“बाबा, फोडी वाफवून कुस्करा. मग दही आणि वरून मोहरी-मिरचीची फोडणी,” लेक सांगत होती. श्रीधरपंतांनी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला आणि सुरी उचलली.

अख्ख्या भोपळ्याला बाईनं पहिली सुरी लावू नये, असं त्यांची बायको शेवटपर्यंत मानायची. भरीत करायचं असलं की ती हाक मारायची. हे एक घाव घालायचे, सुरी तिच्या हातात द्यायचे आणि पुन्हा पेपर उघडायचे. चाळीस वर्षं स्वयंपाकघरातलं त्यांचं काम एवढंच.

आज भोपळा कर्रकन उकलला. सवयीनं, न बघताच, त्यांनी सुरी शेजारी धरली. “घे गं.”

“काय घेऊ, बाबा?” ओट्यावरून आवाज आला.

“काही नाही,” हात मागे घेत ते म्हणाले. “फोडी केवढ्या करू?”