जाळीतली हवा

"बदलून टाक म्हणतोय ना! डाख देण्याचे दिवस गेले, दादा," असं म्हणत धाकट्याने नव्या रेडिएटरचं खोकं दुकानाच्या मधोमध आदळलं.

थोरल्याने वर पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या मांडीवर सिस्टरच्या गाडीचा जुना रेडिएटर आडवा होता, पितळी टाकीचा आणि तांब्याच्या जाळीचा. टाकी जाळीला जुळते तिथे नखाएवढी भेग पडली होती. तिथूनच पाणी गळून गाडी भर चौकात वाफा सोडत उभी राहिली होती. सिस्टर दारात किल्ली फिरवत ताटकळत होती. बारा तास इस्पितळात उभी राहून आलेली, डोळे तांबारलेले. दुरुस्त करा नाहीतर बदला, पण एकदाचं काय ते ठरवा, असं तिने दोनदा सांगून पाहिलं होतं.

पण ठरवणार कोण? दुकान एक आणि मालक दोन. उजव्या भिंतीला धाकट्याची नवी खोकी छतापर्यंत चढलेली. डाव्या कोपऱ्यात थोरल्याचा बर्नर, शिशाच्या कांड्या आणि पाण्याचा हौद. बाबांनी त्याच कोपऱ्यात बसून दोघांना लहानाचं मोठं केलं. थोरल्याला डाख देऊन भेग बुजवण्यापलीकडे दुसरं काही येत नव्हतं, आणि ते त्याच्यासारखं कुणालाच येत नव्हतं. धाकट्याला नेमका तोच कोपरा हवा होता. भंगारवाल्याची हातगाडीसुद्धा त्याने सकाळीच दारात आणून उभी केली होती. केवढी ती घाई!

"चल, सिस्टरच्या समोरच होऊन जाऊ दे," धाकटा म्हणाला. "तू डाख दे, मग हौदात बुडवून बघू. गळाला, तर बर्नर आजच्या आज हातगाडीवर, हौद मी फोडणार आणि तू घरी बसायचं."

"आणि नाही गळाला तर?"

"तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"तुझं तोंड आणि बंद?" थोरला हसला. "सिस्टर, ऐकलंत ना? साक्षीदार आहात हं."

त्याने बर्नर पेटवला. भेग घासली, तापवली, कांडी टेकवली. शिसं लोण्यासारखं पाघळलं आणि जिथे जायला हवं तिथेच गेलं. रेडिएटर गार झाल्यावर त्याने तोंडांना रबरी बुचं ठोकली, हवेची नळी जोडली आणि तो दोन्ही हातांनी हौदात दाबून धरला.

तोच अख्ख्या जाळीतून भराभरा बुडबुडे उसळले.

"आले! आले की नाही? सिस्टर, बघा, बघा!"

"थांब जरा. जाळीत अडकलेली हवा आहे ती."

खरंच होतं ते. रेडिएटर पाण्यात घातला की जाळीच्या फटींतली हवा आधी बाहेर पडते. ती आपोआप संपते. ती संपल्यावरही एकाच जागेवरून बुडबुडे येत राहिले, तर ती खरी गळती. बुडबुडे थांबेपर्यंत हात काढायचा नाही, हा बाबांचा पहिला धडा. थोरल्याच्या तो हाडीमाशी मुरला होता. धाकट्याने मात्र त्यापायी लहानपणी थपडाच खाल्ल्या होत्या, थांबणं त्याला कधी जमलंच नाही.

"बुडबुडे थांबू दे," थोरला पुन्हा म्हणाला.

आणि ते थांबत आले. दहा उरले, मग पाच, मग दोन. डाखाजवळचं पाणी निवांत होतं. थोरल्याचा जीव भांड्यात पडला.

धाकट्यालाही ते दिसत होतं. म्हणूनच तर त्याने हिसका मारून रेडिएटर वर ओढला, फरशीवर आपटला आणि हातोडा उचलला. पहिल्या घावात टाकी चेपली, दुसऱ्यात जाळी फाटली. "गळत होता!" तो ओरडत होता, "गळत होता! सगळ्यांनी पाहिलंय!" सिस्टर किंचाळून भिंतीला चिकटली. थोरल्याने डाख वाचवायला हात मध्ये घातला, उजवा हात. हातोडा त्याच्यावरच उतरला. बोटं मोडल्याचा आवाज दारापर्यंत ऐकू आला.

क्षणभर धाकटाही थबकला. मेल्याने तेवढ्यावर थांबायचं ना! पण नाही. त्याने त्या लोंबत्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता दे डाख."

थोरल्याने डाव्या हाताने धाकट्याचं मानगूट धरलं, फरफटत नेऊन त्याचं डोकं हौदात कोंबलं आणि कोपर मानेवर रोवून अंगाचा सगळा भार टाकला. पाणी काठावरून उसळून फरशीवर आलं. धाकट्याच्या लाथांनी नव्या खोक्यांची उतरंड कोसळली. त्याचे हात हौदाच्या काठावर घसरत होते, नखं मोडत होती. तोंडातून, नाकातून भराभरा बुडबुडे उसळत होते.

"अहो, सोडा! मरेल तो!" सिस्टर थोरल्याचा सदरा ओढत होती. सदरा फाटून तिच्या हातात आला. "भाऊ आहे ना तुमचा! अहो, सोडा त्याला!"

थोरल्याची नजर पाण्यावर होती. दहा उरले होते. मग पाच.

"जरा थांबा, सिस्टर," तो शांतपणे म्हणाला. "बुडबुडे थांबू द्या."