कादंबरीतला बाप

“म्होरं वाच,” चांदभाई म्हणाले. तहमीनानं पान उलटलं.

बापाला अक्षर येत नव्हतं, म्हणून जुम्म्याची नमाज झाल्यापासून ती आपली कादंबरी त्यांना वाचून दाखवत होती. शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं. पुण्याचे प्रकाशक छापायला तयार होते. पण त्यात आपलंच घर आणि आपलंच खुटबाव गाव. अब्बा हो म्हणाले तरच बाड पाठवायचं, असं तिनं ठरवलं होतं. त्या एका होकारासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता.

चांदभाई गावचे मुलाणी. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून कापल्याशिवाय गावातलं बडं प्रस्थ असलेल्या बापूसाहेबांच्या घरचं जत्रेचं बकरं चुलीवर चढत नसे. मुलाण्याचा सुरा चालत होता, मुलाण्याची लेक सून म्हणून चालली नसती. कादंबरीत मात्र बापूसाहेब मुलाण्याला व्याही म्हणून शेजारी बसवतात. तिथं चांदभाई पोट धरून हसले होते. नायिका नमाज पढते, नवरा खंडोबाचा भंडारा लावतो, कुणी कुणाला सोड म्हणत नाही. “ह्ये बराय,” असंही ते म्हणाले होते.

खरं घडलं ते वेगळंच. अकरा वर्षांपूर्वी बापूसाहेबांचा विश्वजीत आणि ती पुण्याला जाऊन नोंदणी लग्न करणार होते. तारीख मिळाली होती. घरातून लपून निघणं तिला पटेना. आदल्या संध्याकाळी तिनं अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि “जा” म्हणाले.

सकाळी स्टेशनवर विश्वजीत आलाच नाही. आली ती बापूसाहेबांची माणसं. त्यांनी तिला मुकाट घरी आणून सोडलं. पंधरा दिवसांत विश्वजीतचं शिरूरकडच्या मुलीशी लग्न लागलं. विश्वजीतनं कच खाल्ली आणि बापाजवळ सगळं ओकलं, असंच तिनं धरलं. त्याची दोन पत्रं आली. तिनं ती न फोडता चुलीत घातली. स्थळं आली तशी परत गेली.

शेवटच्या प्रकरणात गोष्ट मागं, पळून जायच्या दिवसाकडं वळते आणि नायिकेचा बाप स्वतः स्टेशनवर येतो. बापूसाहेबांच्या माणसांसमोर आडवा उभा राहतो आणि दोघांना गाडीत बसवून देतो. तहमीनानं बाड मिटलं.

“पाठवू का, अब्बा?”



“पाठव. पर त्यो बाप काढ त्यातनं.”

“का? वाईट उतरलाय?”

“लई चांगला उतरलाय. म्हणूनच काढ,” तिच्याकडं न बघता ते म्हणाले. “एखादी पोरगी ह्ये वाचंल, आन् जायच्या आदल्या सांजंला बापाला समदं सांगून बसंल. आन् बाप भिऊन त्याच सांजंला बापूसाहेबाच्या दारात जाईल.”