गुडघाभर पाणी

खांद्यावर शाल, हातात नारळ अशा थाटात हेरंब उभा होता. उत्कृष्ट बेडूकमोजणीबद्दल त्याचा सत्कार उरकून मंडळी मोजणीसाठी त्याच्या वाट्याला आलेलं डबकं बघायला जंगलात आली होती. पावसानं महिनाभर दडी मारली, तरी दर रविवारी हेरंबनं घरी पोहे खात कळवलं होतं : पाणी गुडघाभर, बेडूकमासे तीनशे.

समोर चिखल होता. मधल्या वाटीभर पाण्यात थोडे बेडूकमासे वळवळत होते.

"तुझ्या आकड्यांवर विसंबून आम्ही कॅननं पाणी आणून बाकीचीच डबकी भरली रे," मोजणीचं काम बघणाऱ्या केतकीताई म्हणाल्या.

"मी आलोच नव्हतो, ताई."

हेरंबनं नारळ फोडला, आतलं पाणी ओतून दिलं आणि एकेक जीव गढूळ पाण्यासकट नारळाच्या वाटीत घेऊन तो शेजारच्या डबक्याकडे निघाला.

"नोंद काय करू?" ताईंनी विचारलं.

"सात," तो म्हणाला. "हे मोजलेत."