तसल्या हातांनी

अप्पांनी शेरूचा उजवा कान उलटा केला आणि नखानं केस बाजूला सारले.

"सुम्नं बस," ते म्हणाले. गुरगुरणारा शेरू गप्प झाला. 'सुम्नं' म्हणजे गप्प; घरात हे कानडी एकट्या शेरूलाच लागू पडायचं, आणि तेही अप्पांच्याच तोंडचं.

"मुळाशी धरायचं, सरळ वढायचं. पिळायचं न्हाई. मुंडकं आत राहिलं की जखम चिघळती." निघालेला गोचीड त्यांनी डिझेलच्या वाटीत टाकला.

"मी लातूरहून औषध आणलंय," त्यांची लेक शिवानी दारातून म्हणाली. "मानेवर चार थेंब टाकले की झालं. हे काय रोज हातानं?"

"टाक की. आधी हे चिकटलेले तर निघू दे."

धोतराला हात पुसत ते उठले आणि देवळीतली विभूती तीन बोटांवर घेतली. धान्याच्या मोंढ्यात जाण्याआधी घरातल्या सगळ्यांच्या कपाळाला ते विभूती लावत. शेरूच्याही. शिवानीसमोर आले तेव्हा तिनं मान मागं घेतली.

"तसल्या हातांनी नको, अप्पा."

हात हवेत थांबला. मग ती विभूती त्यांनी स्वतःच्याच कपाळाला ओढली, चपला घातल्या, "येतो" म्हणाले आणि गेले. दुपारी मोंढ्यातून तिच्या धाकट्या भावाला, सोमेशला फोन आला. तुरीच्या पोत्याला टेकून बसलेले अप्पा उठलेच नव्हते.

पुढचे सोळा दिवस शेरूच्या अंगाला कुणाचा हात लागला नाही. औषधाची बाटली कपाटावर तशीच पडून राहिली. सतराव्या दिवशी सकाळी शिवानीच्या आईला, अव्वाला, सोमेशच्या लेकाच्या उशीवर एक फुगलेला गोचीड सापडला.

शिवानी अंगणात आली तेव्हा सोमेशनं शेरूला नळाला आखूड बांधलं होतं. त्याच्या अंगठ्याला पट्टी होती. मघाशी कानाला हात लावला तर शेरू चावला होता. समोर प्लास्टिकचा मग होता, आणि मगात दुधासारखं पांढरं पाणी.

"हे काय आहे?"

"म्हशीचं औषध. गोचिडाचंच हाय."

"किती टाकलंस?"

"एक झाकण. म्हशीला टाकतो तेवढंच."

"म्हशीला बादलीत टाकतोस, सोमेश. हा मग आहे. आणि शेरू अंग चाटतो. संध्याकाळपर्यंत मरेल."

"मग काय करू, अक्का? लेकराच्या उशीवर चढले ते! तू चार दिसांनी लातूरला जाशील. हितं कोन बसनार अप्पासारखं?" त्यानं मग उचलला. "सरक."

ती सरकली नाही. शेरूच्या पुढ्यात मांडी घालून बसली.

"आज सगळे काढते. मग थेंब टाकते."

"तुला कधी गोचीड धरता आला का? वाटी बघून वकारी यायची तुला."

"डिझेल आण."

"एक जरी राहिला, तर उद्या देगलूरच्या ट्रकात चढवून देतो ह्याला. सांगून ठेवतो."

तिनं कानाकडं हात नेला. शेरूचे ओठ मागं सरले, दात दिसले. सोमेश पुढं झाला.

"सुम्नं बस," ती म्हणाली. आवाज फाटला. गुरगुर वाढली.

तिनं हात तिथंच ठेवला. श्वास सोडला. पुन्हा म्हणाली, या वेळी सावकाश, खालच्या पट्टीत. "सुम्नं बस."

शेरूनं तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या मांडीवर हनुवटी टेकवली.

मुळाशी धरायचं. सरळ ओढायचं. पहिला निसटला. दुसऱ्यांदा निघाला, मुंडक्यासकट. सोमेशनं हातातला मग खाली ठेवला आणि वाटी तिच्याकडं सरकवली.

ऊन पायरीवर आलं तेव्हा वाटीचा तळ दिसत नव्हता. सोमेशनं कान, बगला, बोटांच्या बेचक्या पुन्हा पुन्हा तपासल्या. काही सापडलं नाही. शिवानीनं मानेवर थेंब टाकले.

"हात धू गं आधी," अव्वा आतून म्हणाली.

शिवानीनं हात पाहिले. नखांत रक्त सुकलं होतं, बोटांना डिझेलचा वास होता. ती नळाकडं गेली नाही. देवळीपाशी गेली, तीन बोटं विभूतीत बुडवली, कपाळासमोर आणून थांबवली. डोळे मिटले.

"लावा, अप्पा," ती मोठ्यानं म्हणाली. "तसल्याच हातांनी लावा."